उष्टा धूर

माडखार गावची सार्वजनिक रुग्णगाडी चिंचखिंडीच्या दुसऱ्या वळणावर थांबते, ही बाब सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. बंद पडते असं मी म्हणत नाही. इंजिन चालू असतं, घोंघावत असतं, सायलेन्सरमधून काळा धूर येत असतो. फक्त गाडी वर जात नाही. खारभूमी खात्यात हेडक्लार्क म्हणून मी आयुष्य काढलं, त्यामुळे शब्द जपून वापरायची मला सवय आहे. त्या सवयीपायीच निवृत्तीनंतर गावाने मला प्रत्येक समितीचा सचिव केलं. लांब वाक्य धाप न लागता पुरं करू शकेल असा दुसरा माणूस गावात नाही.

खिंडीच्या अलीकडे आमचं गाव: किनाऱ्याला कोळीवाडा, त्याच्या वर नारळी-पोफळीच्या वाड्या. खिंडीच्या पलीकडे अलिबाग, म्हणजे कोर्ट, कचेऱ्या आणि रक्त धुवायचं मशीन. कोर्ट-कचेरीला उशीर झाला तर बिघडत नाही, तिथलेही उशिराच येतात. मशीनचं तसं नसतं. कोळीवाड्यातल्या शकूआयची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा तिला त्या मशीनवर जाऊन पडावं लागे. जन्मभर सुकी मासळी विकलेली बाई. अंगात रक्त कमी, पण जिभेला धार शाबूत.

तिच्यासारख्यांसाठीच गावाने ती गाडी घेतली. जुनी, छोटी व्हॅन. आत एक खाट, वर लाल दिवा. गाडी देवळाच्या पेटीतून घेतली आणि घोटाळा तिथेच झाला. पेटी देवीची, म्हणून गाडी देवीची. आणि देवीची वस्तू मानकऱ्यांशिवाय वेशीबाहेर जात नाही, हा आमच्या गावचा दंडक आहे.

आमच्या गावदेवीच्या पालखीचा पुढचा दांडा वाडीवाल्या बापूंच्या घराण्याच्या खांद्यावर असतो आणि मागचा कोळीवाड्यातल्या अनंता नाखव्याच्या. हा मान कोणी कोणाला दिला, हे कोणालाच माहीत नाही, म्हणून तो फार जुना समजला जातो. पालखीबरोबर अब्दागीर धरणारा असतो, चवरी ढाळणारा असतो, शिंग फुंकणारा असतो आणि रंगू गुरव घंटा घेऊन असतो. तेव्हा शकूआयला खाटेवर आडवं केलं, की पुढे रघू ड्रायव्हरच्या शेजारी बापू आणि त्यांचे धाकटे बंधू बसत. मागे दार धरून अनंता आणि त्याचा चुलतभाऊ. शकूआयच्या उशाशी अब्दागीर आणि चवरी, पायाशी शिंग, मध्ये गुरव. तिची सून मनाली एका पायावर कुठेतरी.

आणि गाडी दुसऱ्या वळणावर थांबे.

"अरे मेल्यांनो, खाली उतरा," शकूआय आडव्यानेच ओरडे. "तुमी उतरा, म्हंजी चढंल ती."

"शकूबाई, तुम्ही आजारी आहात म्हणून ऐकून घेतो," बापू पुढून मान न वळवता म्हणत. "देवीला खिंडीत टाकून मानकरी पायी चालले, असं आमच्या आजोबांच्या काळातही झालेलं नाही."

"हितं देवी कुठं हाय? मी हाय."

यावर शिंगवाला हसायचा, आणि अनंता त्याला दटावायचा. शकूआय अनंताची सख्खी काकी. पण मान तो मान आणि काकी ती काकी. मग रघू गाडी उलटी खाली आणी आणि खाडीच्या बांधावरून लांबच्या वाटेने अलिबागला नेई. उधाण असलं की बांधावर पाणी येतं, मग ते ओसरेपर्यंत थांबायचं. शकूआय पोचेपर्यंत मशीनवर दुसरं कोणीतरी झोपलेलं असे, आणि तिच्या वाट्याला उरलासुरला वेळ येई.

गाडी का चढत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते बोलून दाखवणं आमच्याकडे असभ्यपणाचं मानतात. म्हणून ग्रामसभेने एकमताने चढनिवारण उपसमिती नेमली. तिच्यापुढे एकच काम होतं: गाडी न चढण्याची, आत बसणाऱ्या मंडळींव्यतिरिक्त जी काही कारणं असतील, ती शोधून काढणे.

पहिल्या सभेत बापूंचा मुलगा अनीश बोलला. अनीशने वाडीतली पन्नास झाडं तोडून पोहण्याचा तलाव केला आहे. रो-रो बोटीने येणारे मुंबईकर शनिवार-रविवार त्यात डुंबतात आणि कोकणच्या निसर्गाचं कौतुक करतात. त्याची स्वतःची गाडी अशी आहे, की ती फाट्यावर आली तरी कोळीवाड्यात ओट्यांवर वाळत घातलेले बोंबील हलतात. गाड्यांतलं त्याला सगळं कळतं, कारण त्याच्या मोबाइलवर रोज कोणीतरी त्याला ते सांगत असतं.

"प्रॉब्लेम सिंपल आहे," तो शाळेच्या फळ्यावर चित्र काढत म्हणाला. "इंजिनला दम नाहीये. टर्बो टाकू. इंजिनमधून जो धूर बाहेर जातो, तो फुकट जातो ना? त्याच्या वाटेत एक पंखा बसवायचा. धुराने तो पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला अजून एक पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, की ताकद जास्त."

बापू तोवर डुलकी काढत होते. दांडा म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"हा दांडा येतो कुठे?"

"पुढे, पप्पा. बोनेटखाली, इंजिनाला लागून."

"पुढे," बापूंनी सभेकडे पाहिलं. "म्हणजे आमच्याकडे."

 अनंता नाखवा अंगावरचा टॉवेल झटकून उठला आणि निघून गेला. समुद्रावर जन्म काढलेला माणूस वारा फिरला की ओळखतो. गाडी पुढून चढली, तर देवीला खिंडीपार पुढच्यांनी नेलं असं होणार होतं. मग मागच्यांनी काय दार धरून नुसती हवा खायची?

दुसऱ्या सभेला अनंता आपल्या जावयाला घेऊन आला. भावेशने उरणला बंदराचे ट्रेलर चालवले आहेत आणि आता नाक्यावर त्याचं गॅरेज आहे. हातातला पाना त्याने सभेतही खाली ठेवला नाही.

"कोन बोलला टर्बो पुढं?" त्याने विचारलं. "बोनेटमदी बोट शिरायला जागा न्हाय. पुढं टर्बो लावला तं भट्टी होईल सगली. वायरी वितलतील. मागं लावा, मागं. सायलेन्सर काढायचा, त्याच्या जागेवर टर्बो. गाडीखाली मोकली हवा, थंडा र्‍हातो. तिथून पाइप टाकायचा इंजिनापर्यंत. पाइप लांब, मग हवा पन येता येता गार व्हते. गार हवा इंजिनाला मस्त. बोनेट खोलायची झंझटच न्हाय."

"आणि धूर मागे जाईपर्यंत त्याचा जोर गेलेला असतो, त्याचं काय?" अनीश उसळला. "मग मागची हवा पुढे येणार कधी? पेडल दाबलं खिंडीत आणि ताकद आली अलिबागच्या बाजारात. याला वरातीमागून घोडं म्हणतात, भावेशदादा."

"पुढच्यास ठेच, मागचा शहाना. हे न्हाय शिकवलं तुना शालंत?"

"टर्बोला तेल लागतं. इंजिन पुढे, टर्बो तिकडे मागे, तोही खाली. तेल परत आणायला पंप लागेल. आणि उधाणात बांधावरून गाडी गेली की तुझा टर्बो खारं पाणी पिणार."

"तुझा पुढचा तापून लाल होईल, मग शकूकाकीला घेऊन जा इस्तरी करत."

मी दोघांचंही म्हणणं टिपून घेत होतो आणि मला प्रथमच भीती वाटली, कारण दोघंही खरं बोलत होते. पुढचा टर्बो चटकन जोर देतो, पण तापतो आणि जागा खातो. मागचा थंड राहतो, बसवायला सोपा, पण सुस्त असतो आणि पाणी-वाळूच्या तोंडी असतो. खोटं असतं तर सभा आटोपली असती. खऱ्या गोष्टींचा इतका निरुपयोगी ढीग मी सरकारी नोकरीतही पाहिला नव्हता.

पुढचे दोन महिने गावाने दुसरं काही केलं नाही. वाडीवाल्यांना अचानक उष्णतेची काहीच हरकत वाटेना. कोळीवाड्याला उधाणाचं पाणी गोडं लागू लागलं. ज्यांच्या सात पिढ्यांनी बैलगाडीपलीकडे चाकाला हात लावला नाही, ते पारावर बसून हवेच्या दाबाविषयी बोलू लागले. नीराबाईच्या नातीचं ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं, कारण मुलाचा मामा विरुद्ध टर्बोचा निघाला. एका बाजूने फलक लावला, 'जोर तिथेच जिथे आग'. दुसऱ्या बाजूने लावला, 'ज्याची पाठ मजबूत तोच गाडा ओढतो'. हा दुसरा फलक मला सुधारायला आणला होता. मी र्‍हस्वदीर्घ पाहून परत दिला. मजकुराला अक्कल घालणं सचिवाच्या अखत्यारीत येत नाही.

चौथ्या की पाचव्या सभेत मनाली उभी राहिली. बायका आमच्या सभेत दाराशी बसतात. ती फळ्यापर्यंत चालत आली.

"भाऊ, मी एकच विचारते," ती मला म्हणाली. "आमच्या आयला मागल्या खेपेला मशीन अर्ध्यावर सोडून उठायला लागलं. पाय बघा तिचे येऊन, सुजून खांब झालेत. तुम्ही सगळे फक्त खिंडीत उतरा. वर चालत या आणि परत बसा. टर्बो नको, काय नको."

 अनंताने मान खाली घातली. त्याच्या मनाला ते लागलं होतं, हे मी पाहिलं.

"मनाली, तुझा बोलना बरोबर हाय," तो म्हणाला. "आमी उतरू. पन आमी मागचे उतरलो आनि पुढचे बसूनच र्‍हायले तं?"

"आमची उतरायला मुळीच ना नाही," बापू लगेच म्हणाले. "आधी मागच्यांनी उतरावं."

"आधी पुढच्यांनी."

"पालखी टेकवताना मागचा दांडा आधी टेकतो, अनंता."

"उचलताना पन मागचाच आधी उचलतो, बापू. तवा न्हाय कुनी बोलत."

उतरण्याच्या क्रमाबाबत एकमत न झाल्याने विषय पुढील सभेसाठी राखून ठेवण्यात आला.  मनालीने फळ्यावरचं अनीशचं चित्र पदराने पुसून टाकलं आणि ती निघून गेली. सभ्यपणाने वागायचं सोडून तिने शाळेच्या मालमत्तेला हात लावला, याबद्दल बापूंनी नापसंती व्यक्त केली.

आता कायद्याचं बघणं भाग होतं. मी, बापू आणि अनंता असे तिघे परिवहनाच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब कायद्याचे पक्के होते.

"रुग्णगाडीच्या इंजिनात फेरफार करता येत नाही," त्यांनी सांगितलं. "पुढेही नाही आणि मागेही नाही."

बापू आणि अनंता यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दोघांना एकाच वेळी दुःख झालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मार्गच नाही?" मी विचारलं.

साहेबांनी चहा मागवला. "मार्ग आहे. तुमची अडचण टर्बोची नाहीच. अडचण ही आहे, की गाडी रुग्णगाडी आहे. तीच गाडी शोभायात्रेचा रथ असती, तर मी काहीच विचारलं नसतं. रथावर लोक पंखे लावतात, धूर सोडतात, कोणी सिंह बसवतात. देवीची गाडी आहे ना? मग रथ म्हणून परवाना घ्या."

कायद्यात इतकी करुणा असते, हे ऐकून अनंताच्या डोळ्यांत पाणी आलं. परवाना त्याच आठवड्यात झाला. रथात खाट दिसता कामा नये, एवढी एक किरकोळ अट होती. ती खाट काढून पंचायतीच्या ओसरीवर ठेवली. आणि त्याच संध्याकाळी सभा पुन्हा मुख्य विषयाकडे वळली: टर्बो पुढे की मागे?

तोडगा मी काढला. तो काढायला हेडक्लार्कच लागतो. "दोन्ही बसवा," मी म्हणालो. "एक पुढे, एक मागे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तीनदा टाळ्या झाल्या, आणि तिसऱ्यांदा कोण वाजवतंय म्हणून बघतो तर मीच.

गाडी भावेशच्या गॅरेजात गेली. अनीशने मुंबईहून माणूस आणवून पुढचा टर्बो बसवला. बोनेट लागेना, तेव्हा त्याला भोक पाडलं. अनीश म्हणाला, ही फॅशन आहे. भावेशने मागचा बसवला, आणि त्याची हवा पुढे नेणारा हाताएवढा जाड पाइप गाडीच्या पोटातून, जिथे खाट होती तिथून, सरळ पुढे काढला. शिवाय तेलाची टाकी, तेल परत आणायचा पंप आणि पंपाला वेगळी बॅटरी. आधी जे वजन नुसतं माणसांचं होतं, त्याला आता लोखंडाचा आधार मिळाला. तेवढे दिवस मनाली शकूआयला मासळीच्या टेम्पोतून, बर्फाच्या पेटाऱ्यांना टेकवून नेत होती. जाळ्यात मासळी सापडली तर टेम्पो जाई, नाहीतर नाही. शकूआयच्या काही खेपा चुकल्या.

सगळं बसवून झाल्यावर भावेश समितीला रचना समजावून सांगत होता. "हा बघा, धूर इथून निघतो. पयला पुढचा पंखा फिरवतो. मग तोच धूर खालून मागं येतो आनि आपला पंखा फिरवतो."

"थांब," अनंता म्हणाला. "तोच धूर?"

"व्हय, तोच."

"म्हंजी पुढच्यानं आधी घ्यायचा आनि त्याचा उष्टा धूर आमी घ्यायचा?"

 भावेशच्या हातातला पाना पहिल्यांदा खाली पडला. बापूंनी मिशीवरून हात फिरवला, आणि ते हसले नसते तर बरं झालं असतं.

"कोलीवाडा उपाशी र्‍हाईल," अनंता एकेक शब्द मोजत म्हणाला, "पन कुनाचा उष्टा घेनार न्हाय."

समेट व्हायला आठवडा लागला. धुराला दोन वाटा काढण्यात आल्या. एक पुढच्या टर्बोकडे, एक थेट, ताजी, मागच्या टर्बोकडे. कोणती वाट उघडायची, ते ठरवायला गाडीत पितळी चावी बसवली. ती फिरवली नाही किंवा काढून घेतली, तर धूर दोन्ही टर्बोंना चुकवून सरळ बाहेर जाई. आधी असं ठरलं, की जाताना धूर पुढच्याला आणि येताना मागच्याला द्यायचा. मग अनंताच्या लक्षात आलं, की येताना उतार आहे. तेव्हा खिंड मधोमध वाटून घेतली: दुसऱ्या वळणापर्यंत धूर पुढचा, तिथून वर मागचा. चावी काढून घेता येण्याजोगी केली आणि तटस्थ म्हणून रंगू गुरवाच्या कनवटीला बांधली. तिला हळद-कुंकू वाहिलं. या निमित्ताने गुरवाच्या मुलाला 'धूरमानकरी' नेमलं, आणि त्यालाही गाडीत बसायला जागा दिली.

चाचणीचा दिवस उजाडला. खालूबाजा वाजत होता, गाडीला आंब्याचे टहाळे आणि झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, लाल दिव्यावर देवीचा मुखवटा. गावातली झाडून सगळी वाहनं मिरवणुकीसाठी मागे रांगेत उभी होती: मासळीचे टेम्पो, रिक्षा, मोटरसायकली. आणि पंचायतीसमोर मनाली शकूआयला धरून उभी होती. शकूआयने धुवट लुगडं नेसलं होतं, हातात पिशवी होती. तो तिचा मशीनचा दिवस होता. आधीची खेप चुकलेली. तिचा चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला होता आणि ती प्रत्येक दोन शब्दांमागे थांबून श्वास घेत होती.

"शकूबाई, अगदी वेळेवर आलात," बापू म्हणाले. "आधी चाचणी होऊन जाऊ दे. तासाभरात परत येतो, मग तुम्हाला वाऱ्यासारखं नेतो."

"एक टेम्पो तरी सोडा," मनाली म्हणाली.

"अगो, मिरवणुकीतून एखादा काढला तर कोनाचा काढायचा?" अनंता कळवळून म्हणाला. "वाडीचा काढला तं ते बोलनार, आपला काढला तं आपले. तासाचा तं सवाल हाय. काकी, बस जरा."

शकूआय ओसरीवरच्या खाटेवर टेकली आणि तिने खाली हात लावून पाहिलं.

"ही तं गाडीतली खाट," ती मला म्हणाली.

"रथात चालत नाही," मी सांगितलं.

"मग मना निजवनार कुठं?"

हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. शिंग फुंकलं गेलं आणि आम्ही निघालो.

पहिल्या वळणापर्यंत गाडी नेहमीसारखी कण्हत गेली. दुसऱ्या वळणावर नेहमीसारखी थांबली. इथेच धूर बदलायचा होता. गुरवाने घंटा वाजवली, बसवलेली चावी मागच्याकडे अर्धी फिरवली, तेवढ्यात अनंता म्हणाला, "थांब. धूर खरंच मागं येतो का, ते मी डोल्यानं बघनार." तो आणि त्याचा भाऊ खाली उतरले आणि मागच्या टर्बोपाशी उकिडवे बसले.

"मग आतापर्यंत पुढे सोडला होता की नाही, ते आम्हीही बघणार," बापू म्हणाले आणि बंधूंना घेऊन बोनेटपाशी जाऊन वाकले. मानकरी उन्हात उभा राहिला म्हणून अब्दागीरवाला उतरला. अब्दागीर उतरली म्हणून चवरी उतरली. शिंगवाला एकटा बसून काय करणार? शेवटी दोन्ही बाजूंनी रंगू गुरवाला हाक मारली, की आधी देवीची शपथ घे आणि मग चावी फिरव. गुरव चावी काढून, कनवटीला लावून, मुलासह खाली आला.

गाडीत रघू एकटा उरला. त्याचा पाय पेडलवर होता.

गाडी वर गेली. धक्का नाही, कण्हणं नाही. कुंपण दिसलं की शेळी चढते तशी ती चढली, वळणं घेत माथ्यावर पोचली आणि पलीकडे दिसेनाशी झाली. वरून रघूने वाजवलेला हॉर्न ऐकू आला.

 मग सगळी खिंड दुमदुमली.

"पुढच्यानं ओढली!"

"मागच्यानं ढकलली! आमी बघितली, धूर आमच्या तोंडावर आला!"

मी गुरवाकडे पाहिलं. चावी त्याच्या कनवटीला होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि उपरणं ओढून ती झाकली. मी काही बोललो नाही. सभेबाहेर सचिवाने मत देऊ नये, असा संकेत आहे.

मानकरी घाम पुसत खिंड चढून वर आले. माथ्यावर नारळ फोडले, अनीशने चित्रण केलं. मग भाषणं झाली. यश पुढच्याचं की मागच्याचं यावर वाद पेटला, तो मिटवायला आणखी भाषणं झाली. खोळंबलेल्या मुंबईच्या गाड्यांतून लोकांनी उतरून टाळ्या वाजवल्या आणि एकाने विचारलं, की हा उत्सव दरवर्षी याच तारखेला असतो का. आम्ही गावात परतलो तेव्हा उन्हं कलली होती.

"शकूबाई, चला!" बापू लांबूनच ओरडले. "चढली गाडी!"

शकूआय भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवी झाली होती. पिशवी उशाशी घेतलेली. आम्हाला वाटलं, डोळा लागला. मनाली खांबाला टेकून बसली होती. ती उठली नाही, रडलीही नाही.

"तिला गाडी नको आता," ती म्हणाली.

अनंता पुढे गेला. त्याने काकीच्या पायाला हात लावला आणि तो तिथेच जमिनीवर बसला. थोड्या वेळाने तो लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडू लागला, आणि बापूंना त्याच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. खालूबाजावाल्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ते वाजवतच होते.

तिला घरी नेलं ते त्याच खाटेवरून. उचलायला चौघं लागले. पुढे कोण आणि मागे कोण, हे कोणी विचारलं नाही.

आता तुम्ही आम्हाला नावं ठेवाल. ठेवा. आम्ही मानपानाचे भुकेले, आडमुठे, माणूस मेलं तरी हेका न सोडणारे, हे सगळं मला मान्य आहे, आणि याहून जळजळीत शब्द मी गेले कित्येक दिवस स्वतःशी बोलतो आहे. पण गाडीतून खाट काढली, ते मी तुमच्यापासून लपवलं नव्हतं. सरळ, साध्या वाक्यात लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलंत आणि पुढे निघालात, कारण टर्बो शेवटी कुठे बसतो, ते तुम्हाला बघायचं होतं. मनाली फळ्यापर्यंत आली तेव्हा तुम्हाला वाटलं, की बाई बरोबर बोलते. पण दोन टर्बोंचं भांडण तिच्यापेक्षा रंगतदार होतं. आणि मनावर हात ठेवून सांगा, आत्ता या क्षणीही तुमच्या मनात कुठेतरी चुळबुळ चालूच आहे ना, की मग चांगला कुठला, पुढचा की मागचा?

लाजू नका. आमच्या गावात बघ्यालाही मान असतो, आणि तुमचा मी सभेपुढे ठेवून मंजूर करून घेतला आहे. कधीही या आणि गाडीत बसा. खाट निघाल्यापासून आत जागा पुष्कळ झाली आहे.